चौतीस वर्षांची ‘सुभद्रा’ : एका गस्ती जहाजाचं प्रकरण

नौदलात पंधरा वर्षं इंजिन रूममध्ये काढून मी गावी परतलो, त्याला आता बराच काळ झाला. भुसावळजवळ माझं पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं शेड आहे. जवळच्या आयटीआयचे सर अधूनमधून डिझेल मेकॅनिकची मुलं घेऊन येतात. या खेपेला ते म्हणाले, “भाऊ, देखभालीवर एक पूर्ण प्रकरण मांडा. एकच यंत्र घ्या आणि जन्मापासूनचा हिशेब सांगा.” मुलांना वाटलं मी विहिरीवरचं इंजिन घेईन, नाहीतर रेल्वेचं. मी जहाज घेतलं, भारतीय नौदलाचं ‘आयएनएस सुभद्रा’. तेव्हा बोललो ते इथं सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ‘सुभद्रा’वर कधी नोकरी केली नाही, माझी जहाजं वेगळी होती. तिच्या कामगिरीबद्दल मी जे लिहिलंय ते सगळं जाहीर आहे. पत्रा, पिस्टन आणि गोदीबद्दल जे लिहिलंय ते माझ्या हातांखालून गेलेलं आहे.

प्रसंग

१४ डिसेंबर २०२३ ला सोमाली चाच्यांनी ‘एमव्ही रुएन’ हे माल्टाचा झेंडा असलेलं मालवाहू जहाज अरबी समुद्रात पळवलं. तीन महिने ते त्यांच्या ताब्यात होतं. पुढे त्याच जहाजाचा तळासारखा वापर करून ते दुसरी जहाजं लुटायला निघाले. १५ मार्च २०२४ ला आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने त्यांना गाठलं. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर चाळीस तासांहून जास्त वेळ ही कारवाई चालली. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले, वरून टेहळणी विमान आणि ड्रोन नजर ठेवून होते. १६ मार्चला ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले.

या कारवाईत ‘कोलकाता’च्या मदतीला आणखी एक जहाज होतं, ते ‘सुभद्रा’. ‘कोलकाता’ २०१४ साली नौदलात आली, साडेसात हजार टनांची क्षेपणास्त्रवाहू विनाशिका. ‘सुभद्रा’ दाखल झाली २५ जानेवारी १९९० ला आणि तिचं वजन दोन हजार टनांच्या आतच. म्हणजे आकाराने धाकटी ती वयाने चोवीस वर्षांनी थोरली. पारोळ्याकडचा एक मुलगा लगेच म्हणाला, “काका, इतली जुनी बोट आजून चाली ऱ्हायनी?”

हाच आपला प्रश्न. चौतीस वर्षं खारं पाणी खाल्लेलं जहाज किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर कामाला कसं पाठवता येतं?

जन्म

समुद्र राखण्याची गरज सत्तरच्या दशकात एकदम वाढली. १९७४ साली बॉम्बे हायला तेल सापडलं. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर आपला आर्थिक हक्क ठरला. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर पाणी झालं ते. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाखांच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. त्यासाठी १९७७ ला तटरक्षक दल उभं राहिलं, आणि नौदलालाही लांब पल्ल्याची, दिवसेंदिवस बाहेर राहणारी, चालवायला स्वस्त जहाजं हवी होती.

म्हणून ‘सुकन्या’ वर्ग आला. पहिली तीन जहाजं, ‘सुकन्या’, ‘सुभद्रा’ आणि ‘सुवर्णा’, दक्षिण कोरियात कोरिया टॅकोमाच्या कारखान्यात बांधली गेली. उरलेली विशाखापट्टणमला हिंदुस्थान शिपयार्डमध्ये झाली. लांबी १०१ मीटर, वेग २१ नॉट, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. पुढे एक ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ, मागे चेतक हेलिकॉप्टर उतरेल एवढा सपाट डेक. बाकी जवळजवळ रिकामं. युद्धनौकेच्या मानाने हे जहाज म्हणजे पेरणी संपल्यावरचं वावर. माझ्या मते तिच्या दीर्घ आयुष्याचं मूळ या रिकामेपणातच आहे.

वर्गाचं नावही मला फार आवडतं. सुकन्या ही च्यवन ऋषींची बायको. त्या म्हाताऱ्या ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केलं, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. गोदीतले फिटर आणि वेल्डर तेच काम करतात.

जुळी बहीण शोभावी अशी दुसरी

वय समजायचं तर जोडीचं जहाज बघावं लागतं. ‘सुभद्रा’च्या तेरा दिवस आधी, १२ जानेवारी १९९० ला, ‘कृपाण’ नौदलात आली. ही ‘खुकरी’ वर्गातली क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका. योगायोग असा की खुद्द ‘खुकरी’ही ‘सुकन्या’च्या आठच दिवस आधीची. एक २३ ऑगस्ट १९८९ ची, दुसरी ३१ ऑगस्टची.

आता मुलांना मी मुद्दाम विचारलं, की दोन्ही वर्गांची इंजिनं कुठली असतील? कुणाला वाटलं युद्धनौकेचं भारी, गस्तीवालीचं साधं. तसं नाही. दोन्हीकडे फ्रेंच पिएलस्टिकच्या पीए-६ कुळातलीच डिझेल इंजिनं. ‘खुकरी’ वर्गात अठरा सिलिंडरची दोन, ‘सुकन्या’ वर्गात सोळा सिलिंडरची दोन. हे इंजिन परवान्यावर भारतात किर्लोस्करने बांधलं, तेच नाव जे आपल्या आजोबांच्या विहिरीवर होतं. पिस्टनचा व्यास २८० मिलिमीटर, चांगल्या मोठ्या भाकरीएवढा. ‘सुभद्रा’च्या दोन इंजिनांची मिळून ताकद सुमारे १२,८०० अश्वशक्ती. बत्तीस सिलिंडर, दर सिलिंडरला चारशे. पाच अश्वशक्तीची ऐंशी इंजिनं एका भोकात बसली, असं समजा.

म्हणजे हृदय एकाच कुळातलं आणि वयही जवळजवळ सारखं. पण ‘खुकरी’ २३ डिसेंबर २०२१ ला सेवानिवृत्त झाली आणि आता दीवला लोकांना बघायला ठेवली आहे. ‘कृपाण’ २२ जुलै २०२३ ला व्हिएतनामच्या नौदलाला दिली गेली. ‘सुभद्रा’ त्यानंतर आठ महिन्यांनी चाच्यांच्या मागे होती.

फरक कशाने पडला? माझं मत सांगतो. ‘खुकरी’ वर्गाचं सगळं काम त्यांच्या शस्त्रांवर उभं होतं. सोव्हिएत पी-१५ जातीची क्षेपणास्त्रं होती त्यांच्यावर. १९७१ ला कराचीवर मारा केला तो याच जातीने. क्षेपणास्त्र जुनं झालं, त्याला वाट दाखवणारं रडार जुनं झालं, की पत्रा धड असूनही जहाजाचं काम संपतं. नवं शस्त्र बसवायचं तर केबल, वीज, वजन, जागा सगळंच बदलावं लागतं, आणि एवढ्याशा जहाजात जागा काही केल्या वाढत नाही. ‘सुभद्रा’चं काम मात्र कधी शस्त्रावर नव्हतं. बघणं, थांबवणं, चढून तपासणं, वाचवणं, वाट दाखवणं, या कामांना लागणाऱ्या वस्तू आहेत एक छोटी होडी, एक हेलिकॉप्टर, एक रेडिओ आणि माणसं. त्या बदलता येतात.

रिकाम्या डेकवर क्षेपणास्त्र

रिकाम्या जागेची किंमत सगळ्यात ठळक दिसली ती ‘धनुष’च्या वेळी. ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्राचं नौदलासाठी केलेलं रूप म्हणजे ‘धनुष’, पल्ला ३५० किलोमीटरचा. ते जहाजावरून उडवायचं होतं. ‘पृथ्वी’ द्रवइंधनाचं, वजन चार टनांच्या वर, साडेआठ मीटर उंच. जमिनीवर उभं करणं वेगळं. समुद्रात जहाज डावी-उजवीकडे कलतं, पुढे-मागे झुलतं, वर-खाली होतं, आणि क्षेपणास्त्र मात्र सुटताना सरळ उभं हवं. त्यासाठी हेलिकॉप्टरच्या डेकवर हायड्रॉलिक मंच बसवला गेला. जहाज झुललं तरी मंच सरळ राहील, अशी त्याची रचना.

कल्पना करा. लग्नाच्या वरातीत घोडा नाचतोय आणि नवरदेवाच्या हातातला दुधाचा पेला हलू द्यायचा नाही. तेलाच्या दाबाने चालणारे सिलिंडर क्षणाक्षणाला उलट दिशेला ढकलत राहतात म्हणून हे साधतं.

पहिली चाचणी ११ एप्रिल २००० ला ‘सुभद्रा’वरून झाली. ती पूर्ण यशस्वी नव्हती. २००१ च्या सप्टेंबरात पुन्हा तिच्यावरूनच, आणि या वेळी जमलं. पुढे डिसेंबर २००९ आणि मार्च २०१० ला ती पुन्हा मंच होती. मधल्या काही चाचण्या विनाशिका ‘राजपूत’वरून झाल्या, २०११ ची ‘सुवर्णा’वरून.

गस्तीसाठी बांधलेलं, पुढे एकच तोफ असलेलं जहाज देशाच्या नौदलाचं पहिलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र उडवतं. आखणाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास हे ठरवलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी डेक मोकळा ठेवला, एवढंच. ‘धनुष’ पुढे फार जहाजांवर बसवलं गेलं नाही. द्रवइंधन भरून जहाज शत्रूच्या किनाऱ्याजवळ नेणं जोखमीचं, आणि पाणबुडीतून सुटणारी क्षेपणास्त्रं आली तसा त्याचा मान कमी झाला. पण हात बसला तो ‘सुभद्रा’च्या पाठीवर.

पत्रा कसा जगतो

आता खरं प्रकरण. ही मुलं पुढे जे काम करणार आहेत ते हे. भुसावळच्या मुलांना ‘पीओएच’ म्हटलं की कळतं. लोको कारखान्यात रेल्वेचं इंजिन ठरलेल्या मुदतीने आलं की सगळं उघडून बघायचं, बिघडलं असो वा नसो. जहाजाचं तसंच असतं, त्याला रिफिट म्हणतात. लहान, मध्यम, मोठं, आणि प्रत्येकात सुक्या गोदीत चढणं.

पाणी उपसून जहाज गोदीत ठोकळ्यांवर बसलं की पहिल्यांदा नाकाला कळतं. शंख, शिंपले, शेवाळ, उन्हात वाळणारा समुद्र. जोराच्या पाण्याने ते खरवडायचं, मग रंग उडवायचा, मग हातोडी. लहान टोकाची हातोडी घेऊन पत्र्यावर हळू ठोकत जायचं. निरोगी पत्रा ‘टण्’ बोलतो. आतून कुजलेला ‘थप्’ म्हणतो आणि हाताला झटका देत नाही. आमचे एक चीफ होते, त्यांचे डोळे कमजोर झालेले, पण ते आवाजावर कोळशाने गोल काढत जायचे आणि मागून अल्ट्रासोनिकचं यंत्र फिरवणारा पोरगा आकडे घ्यायचा. गोल आणि आकडे बहुतेक वेळा जुळायचे.

त्या यंत्राने बाहेरूनच जाडी कळते. पत्र्यावर जेल लावायचं, कांडी टेकवायची, मिलिमीटरात आकडा येतो. पाण्याच्या रेषेजवळ, शौचालयांखाली, इंजिनाखालच्या बिल्जमध्ये (पाणी-तेल साचतं त्या तळाच्या जागेत) आणि सुकाणूच्या आसपास पत्रा आधी जातो. मूळ जाडीचा पाव भाग झिजून गेला की आम्ही तो तुकडा कापायचो आणि नवा वेल्ड करायचो. चौतीस वर्षांत पत्रा असा कितीदा बदलतो, याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही. म्हणून ‘जुनं जहाज’ म्हणताना नेमकं काय जुनं, हे विचारावं.

जस्ताचं बघा. जहाज ढकलणारा पंखा ब्राँझचा, हल (जहाजाचं अंग) लोखंडाचा, मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. या बॅटरीत गळतं ते लोखंड. म्हणून सुकाणूजवळ आणि पंख्याजवळ जस्ताच्या वड्या ठोकतात. आता जस्त गळतं, लोखंड राहतं. मी अशी एक झिजलेली वडी नोकरीतून आठवण म्हणून आणली होती. मुलांच्या हातात दिली. कडेने खडीसाखरेसारखी खाल्लेली, मधे खड्डे, वजन निम्म्याहून कमी. एकाने ती केळीच्या काट्यावर वजन करून आणली आणि नव्या वडीशी गणित मांडून बसला. कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिनाचं जरा बारीक आहे, पण खानदेशातल्या मुलांना ते लगेच पटतं, कारण विहिरीवर तेच होतं. गस्ती जहाज निम्म्याहून जास्त वेळ हळू चालतं. डिझेल इंजिनाला हळू चालणं मानवत नाही. कमी भारावर इंधन पूर्ण जळत नाही, काजळी धरते, लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत सरकतो तिच्या, भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग तेल वर चढतं. म्हणून दिवसातून काही वेळ इंजिन मुद्दाम पूर्ण भाराकडे न्यायचं, चिमणी साफ होईपर्यंत. काही कॅप्टनांना हे रुचायचं नाही, डिझेल वाया जातं असं वाटायचं. मी त्यांच्याशी वाद घालायला धजलो नाही, माझा हुद्दाच तो नव्हता. आता मात्र ठामपणे सांगतो, ते तास वाया जात नाहीत.

आणि एक. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. गोदीत ठोकळ्यांवर बसलेल्या जहाजाचा आकार वेगळा असतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्याचा वेगळा. लोखंडी असलं तरी शंभर मीटरचं जहाज थोडं वाकतं. म्हणून इंजिन आणि शाफ्टची सरळ रेष जहाज पाण्यात उतरल्यावर पुन्हा बघावी लागते. क्रँकच्या दोन पाकळ्यांमध्ये डायल गेज बसवायचं, शाफ्ट हळूहळू फिरवायचा, वर, बाजूला, खाली, प्रत्येक ठिकाणी काटा वाचायचा. शंभराव्या मिलिमीटरचा हिशेब. पहिल्यांदा हा काटा वाचताना माझा श्वास काचेवर जमला आणि मागून आवाज आला, “श्वास बाजूला सोड, राजा.” ते वाक्य मी इथल्या मुलांनाही म्हणतो.

वायरिंगचं दरसाल मेगरने (वायरीवरचं आवरण तपासायच्या यंत्राने) बघायचं, एवढंच सांगून पुढे जातो. ते वेगळं प्रकरण होईल.

बहिणींचं काय

तिच्या बहिणींचीही नोंद घ्यायला हवी, म्हणजे ‘सुभद्रा’ एकटी नशीबवान होती असं कुणी म्हणणार नाही. ‘सुकन्या’ आणि ‘शारदा’ यांनी २००२ साली मलाक्काच्या सामुद्रधुनीत अमेरिकी जहाजांना संरक्षण दिलं. ‘सावित्री’ने २०२१ च्या सप्टेंबरात बांगलादेशात चितगावला वैद्यकीय ऑक्सिजनची यंत्रं पोचवली. ‘शारदा’ १९९१ ची. तिने २ फेब्रुवारी २०२४ ला इराणी मच्छीमार नौका सात चाच्यांच्या हातून सोडवली, वर १९ माणसं होती, ११ इराणी आणि ८ पाकिस्तानी. आपल्या जहाजाने पाकिस्तानी मच्छीमार वाचवले, हे वाचून मला फार बरं वाटलं. समुद्रावर आधी माणूस वाचवायचा असतो.

‘शरयू’ २००० साली श्रीलंकेला दिली. तिथे ती ‘सयुरा’ झाली आणि २००७ ला लिट्टेची शस्त्रं वाहणारी जहाजं खोल समुद्रात बुडवण्याच्या मोहिमांमध्ये होती. म्हणजे गस्तीचं जहाज लढलं, पण समोर युद्धनौका नव्हत्या, हे लक्षात ठेवावं. इकडे २०१३ साली गोव्यात बांधलेल्या नव्या गस्ती जहाजाला पुन्हा ‘शरयू’ नाव मिळालं.

मर्यादाही लिहितो, कारण सरांनी “पूर्ण हिशेब” म्हटलं होतं. २१ नॉट हा वेग आजच्या मानाने कमी आहे. चांगल्या शस्त्राच्या शत्रूसमोर हे जहाज उभं करणं म्हणजे माणसांवर अन्याय. ‘रुएन’च्या वेळी पुढे ‘कोलकाता’ होती, ‘सुभद्रा’ मदतीला होती, आणि तसंच असायला हवं होतं. शिवाय जुन्या जहाजावर राहणाऱ्या खलाशांचे हाल होतात. गळके पाइप, कमी पडणारं एसी, गोड्या पाण्याची चणचण. मी हे सोसलंय. जहाज टिकलं याचं कौतुक करताना आत राहणाऱ्यांनी काय सोसलं, ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

बदली ठरलेली आहे. ३० मार्च २०२३ ला संरक्षण मंत्रालयाने ११ नव्या गस्ती जहाजांचा करार केला, सात गोवा शिपयार्डला, चार कोलकात्याच्या गार्डन रीचला. ती ताब्यात आली की जुन्या बहिणींना एकेक करून मोकळं करावं. त्याआधी करू नये, आणि नंतर रेंगाळू देऊ नये.

पारोळ्याच्या त्या मुलाने शेवटी विचारलं, “मंग हिनं काय करतीन?” दीवसारखं संग्रहालय होऊ शकतं, मित्रदेशाला देता येईल, नाहीतर ‘विराट’सारखी अलंगला जाईल आणि पत्र्याचे गज होतील. मला यातलं काहीही चालेल, फक्त एक मागणं आहे. तिच्या इंजिनातलं एक लायनर, एक पिस्टन आणि एक कनेक्टिंग रॉड कापून, रंगवून इथल्या एखाद्या आयटीआयला मिळावं. २८० मिलिमीटरच्या त्या भोकात मुलांनी हात घालून बघावा, आतली भिंत काच झाली आहे की नाही ते बोटांनी ओळखावं. अर्ज मी लिहून ठेवला आहे. मुलांनी त्याखाली सह्या केल्या आणि ‘क्रँकशाफ्ट’ दोनदा चुकीचा लिहिला होता तो दुरुस्त केला.